पू आहे की नुसती सूज?

"बसलं की ठणका लागतो. चार दिवस मूळव्याधीचं मलम लावतोय, पण उतार नाही. सोनोग्राफी केली तर नक्की काय ते कळेल का?"

रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात हा प्रश्न येतो तो बहुधा दबक्या आवाजात. शरीराच्या या भागाबद्दल घरात कुणी बोलत नाही. त्यामुळे रुग्ण आधी औषधाच्या दुकानात जातो, मग एखाद्या मित्राला विचारतो आणि ताप चढल्यावर डॉक्टरांसमोर येतो. प्रश्नाचं उत्तर मात्र आशादायक आहे. पू असेल तर तो बहुतेक वेळा सोनोग्राफीत दिसतो, तोही खाटेशेजारीच, काही मिनिटांत. कुठे दिसतो, कुठे दिसत नाही आणि दिसल्यावर पुढे काय करायचं, हे या प्रकरणात क्रमाने पाहू.

१. मूळव्याध नव्हे, मग काय?

आर. के. पुरम ही नैर्ऋत्य दिल्लीतली केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत. देशभरातून बदलून आलेली कुटुंबं इथल्या सेक्टरांमध्ये राहतात, त्यांत मराठी घरंही आहेत. दुखलं-खुपलं की पहिला आधार सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या, दवाखान्याचा. १९५४ साली दिल्लीत सुरू झालेल्या या योजनेचं कार्यालय, सीजीएचएस भवन, इथेच सेक्टर १३ मध्ये आहे.

समजा, याच वसाहतीतले चाळिशीतले एक कर्मचारी आहेत. दिवसभर खुर्चीत बसून काम, रक्तातली साखर वाढलेली. सोमवारी गुदद्वाराजवळ दुखायला लागलं. बुधवारी बसणं नकोसं झालं. शुक्रवारी रात्री थंडी वाजून ताप आला. हा रुग्ण कल्पनेतला असला तरी त्याचा आठवडा खऱ्या रुग्णांच्या आठवड्यासारखाच आहे. प्रकरणभर आपण त्याला सोबत ठेवू.

दुखण्याची तऱ्हाच बरंच काही सांगून जाते. साध्या मूळव्याधीत रक्त पडतं, पण सहसा फारसं दुखत नाही. मूळव्याधीच्या कोंबात रक्त गोठलं, तर मात्र एकाएकी कळ येते आणि बाहेर निळसर गाठ दिसते. फिशर म्हणजे चीर पडली असेल, तर शौचाच्या वेळी चिरल्यासारखं दुखतं, नंतर काही वेळ आग होते आणि मग दुखणं ओसरतं. गळवाचं दुखणं ओसरत नाही. ते दिवसरात्र ठणकतं, रोज थोडं वाढतं, बसल्यावर आणि खोकल्यावर जास्त जाणवतं. आपल्या रुग्णाचं दुखणं या शेवटच्या प्रकारात बसतं.

२. गळू होतं कसं?

गुदमार्गाचा शेवटचा भाग तीन-चार सेंटिमीटर लांबीचा असतो. त्याभोवती दोन गोल स्नायू असतात. आतला आपोआप आवळलेला राहतो, बाहेरचा आपल्या ताब्यात असतो. गुदद्वारापासून साधारण दोन सेंटिमीटर आत, भिंतीच्या बारीक घड्यांमध्ये काही छोट्या ग्रंथींची तोंडं उघडतात. या ग्रंथींतला बुळबुळीत स्राव मार्ग ओला ठेवतो. काही ग्रंथी आतल्या स्नायूच्या पलीकडे, दोन्ही स्नायूंच्या मधल्या फटीपर्यंत पोचलेल्या असतात.

यातल्या एखाद्या ग्रंथीचं तोंड बुजलं की स्राव आत कोंडतो. विष्ठेतले जंतू तिथे वाढतात. शरीराच्या पांढऱ्या पेशी त्यांच्याशी लढतात, आणि मेलेल्या पेशी, जंतू व विरघळलेलं मांस यांचा जो घट्ट द्रव बनतो तो पू. गुदद्वाराजवळची सुमारे ९० टक्के गळवं अशा ग्रंथींतूनच सुरू होतात. उरलेल्यांमागे क्रोन्सचा आजार, क्षयरोग, जखम, क्वचित कर्करोग अशी कारणं सापडतात. पुरुषांत हा त्रास स्त्रियांच्या सुमारे दुप्पट दिसतो, आणि रुग्ण बहुतेक करून विशी ते पन्नाशीतले असतात.

दोन स्नायूंमधल्या फटीत जमलेला पू वाट शोधतो. खाली उतरला तर गुदद्वाराच्या कडेला त्वचेखाली येतो. हा सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार. बाहेरचा स्नायू भेदून तो बाजूला गेला, तर नितंबाच्या आत, बैठकीच्या हाडाजवळच्या चरबीने भरलेल्या पोकळीत साठतो. तिथे बराच पू मावतो आणि वरून कित्येक दिवस फारसं काही दिसत नाही. कधी तो दोन स्नायूंच्या मधेच अडकून राहतो. आणि क्वचित वर सरकला, तर ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूच्याही वर जाऊन बसतो. पू नेमका यांतल्या कुठल्या जागी आहे, यावर पुढचं सगळं ठरतं.

३. सुश्रुताने विचारलेला प्रश्न

गळवावर शस्त्र चालवणाऱ्यापुढचा पेच फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सतरावा अध्याय, 'आमपक्वैषणीय', त्याच पेचावर आहे. सूज कच्ची आहे, पिकते आहे की पिकली आहे, हे कसं ओळखावं याची लक्षणं तिथे दिली आहेत. कच्ची सूज कापणारा आणि पिकलेली तशीच सोडणारा, अशा दोघांनाही सुश्रुत दोष देतो.

आजचे डॉक्टर हाच भेद दुसऱ्या नावांनी करतात. त्वचेखालच्या भागात जंतू पसरून नुसती सूज आणि लाली आली असेल तर ते सेल्युलायटिस. त्यावर प्रतिजैविकं चालतात, कापण्यात अर्थ नसतो. पुवाची पोकळी तयार झाली असेल तर ते गळू. पुवाच्या पोकळीत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे गोळीतलं औषध आत पुरेसं पोचत नाही. त्याला वाट करून देणं हाच उपाय.

हातापायावरच्या गळवात हा भेद बोटांनी कळतो. दोन बोटांनी आळीपाळीने दाबलं की आतला द्रव हलताना जाणवतो. गुदद्वाराजवळ ही परीक्षा फसते. बाजूच्या पोकळीत चरबीचा जाड थर असतो, पू खोल असला की वरची त्वचा जवळपास निरोगी दिसते, आणि रुग्णाला साधा स्पर्शही सहन होत नाही. आपल्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत डॉक्टरांना उजव्या बाजूला थोडा टणकपणा लागला, किंचित लाली दिसली. पिकलंय की नाही? नुसत्या हाताने सांगणं कठीण.

४. आवाजाने खोली कशी कळते?

जुन्या विहिरीत खडा टाकायचा आणि 'डुबुक' ऐकू येईपर्यंत किती वेळ लागला त्यावरून पाणी किती खोल आहे ते ओळखायचं, हे गावाकडची मुलं करतात. सोनोग्राफी खड्याऐवजी थेट आवाजच आत पाठवते आणि तो परत यायला लागलेला वेळ मोजते.

माणसाला सेकंदाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. सोनोग्राफीत सेकंदाला काही दशलक्ष कंपनं असतात. ती निर्माण करण्याची युक्ती १८८० साली पियरे आणि जाक क्युरी या भावांच्या शोधातून मिळाली. काही स्फटिक दाबले की त्यांत वीज तयार होते, हे त्यांनी दाखवलं. याच्या उलटही घडतं. वीज दिली की स्फटिक थरथरतो. रुग्णाच्या अंगावर फिरवतात त्या प्रोबमध्ये हीच करामत असते. तोच आवाज सोडतो आणि परतलेला आवाज तोच टिपतो.

आता थोडं गणित. शरीराच्या मऊ भागात आवाज सेकंदाला सुमारे १,५४० मीटर जातो. पुवाची पोकळी त्वचेखाली २ सेंटिमीटरवर आहे असं धरू. आवाजाला जाऊन-येऊन ४ सेंटिमीटर अंतर कापावं लागेल, आणि त्याला सुमारे २६ मायक्रोसेकंद लागतील. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. यंत्र असे हजारो प्रतिध्वनी मोजतं आणि प्रत्येकाच्या जागी पडद्यावर एक ठिपका काढतं. जोरदार प्रतिध्वनीचा ठिपका उजळ, मंदाचा करडा, आणि काहीच परत आलं नाही तर तिथे काळं.

पाण्यासारख्या एकजिनसी द्रवातून आवाज न अडता पुढे जातो, म्हणून द्रव काळा दिसतो. भरीव गाठ करडी दिसते. वैद्यकातल्या सोनोग्राफीचा बोलबाला झाला तो याच फरकामुळे. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी १९५५ साली एका बॉयलर कारखान्यात, धातूतल्या भेगा शोधणाऱ्या यंत्रावर, शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी तपासून पाहिल्या. जॉन मॅकव्हिकर आणि इंजिनिअर टॉम ब्राउन यांच्यासह त्यांनी १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या सुरुवातीच्या रुग्णांत एक बाई होती. तिच्या पोटात हाताबाहेर गेलेला कर्करोग आहे असं मानलं गेलं होतं. सोनोग्राफीत ती द्रवाने भरलेली अंडाशयाची गाठ निघाली, आणि शस्त्रक्रियेनंतर बाई बरी झाली.

५. खाटेशेजारी काय घडतं?

नेहमीची सोनोग्राफी क्ष-किरण विभागात होते. चिठ्ठी, रांग, तज्ज्ञांची तपासणी, मग अहवाल. खाटेशेजारची सोनोग्राफी रुग्णाला तपासणारे डॉक्टर स्वतः करतात आणि एकाच प्रश्नाचं उत्तर शोधतात. इथला प्रश्न एवढाच: पू आहे का, आणि असेल तर किती खोल?

सुरुवात वेदनाशामकाने होते. काय करणार आहेत ते डॉक्टर रुग्णाला सांगतात, त्याची संमती घेतात, पडदा ओढतात. स्त्री रुग्ण असेल तर सोबत परिचारिका थांबते. रुग्ण डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपतो. प्रोबवर आतून-बाहेरून जेल लावलेलं हातमोज्याचं किंवा प्लास्टिकचं आवरण चढवतात. त्वचेवर जेल भरपूर घ्यायचं, म्हणजे प्रोब दाबावा लागत नाही.

वरवरच्या भागासाठी सपाट तोंडाचा, जास्त कंपनांचा प्रोब वापरतात. त्याचं चित्र बारकाव्याचं असतं, पण तो फार खोल पाहू शकत नाही. चरबीचा थर जाड असेल तर पोटासाठी वापरतात तो वक्र प्रोब लागतो. तो खोल पोचतो, पण चित्र थोडं ढोबळ येतं.

तपासणी दुखऱ्या जागेपासून सुरू करत नाहीत. आधी दुसऱ्या, निरोगी बाजूची त्वचा आणि चरबी पाहायची. तिथलं चित्र डोळ्यांत भरलं की मग हळूहळू आजारी बाजूकडे सरकायचं. संशयास्पद जागा उभी आणि आडवी, अशी दोन्ही दिशांनी पाहायची. गुदमार्ग आडवा धरला की गोल कड्यांसारखा दिसतो. आतल्या स्नायूचं काळसर कडं, त्याबाहेर बाहेरच्या स्नायूचं उजळ कडं. या कड्यांच्या संदर्भाने पू कुठल्या बाजूला आणि किती लांब आहे ते ठरतं.

६. पडद्यावर काय शोधायचं?

नुसती सूज असेल तेव्हा चरबीच्या छोट्या गोळ्यांमध्ये पाणी पाझरलेलं असतं. उजळ गोळ्यांभोवती काळ्या रेषांचं जाळं दिसतं. डॉक्टर या चित्राला फरसबंदी म्हणतात. हे पाण्याने आलेल्या सुजेचं चित्र आहे, त्यात पुवाची पोकळी नसते.

गळू असेल तेव्हा काळी किंवा गढूळ करडी पोकळी दिसते, कडा बहुधा वेड्यावाकड्या. पोकळीच्या मागचा भाग नेहमीपेक्षा उजळ असतो, कारण द्रवातून जाताना आवाजाची ताकद फारशी कमी होत नाही. एक अडचण इथे येते. पू घट्ट असेल तर तो काळा न दिसता आजूबाजूच्या चरबीसारखाच करडा दिसतो आणि नजरेतून निसटतो. म्हणून प्रोबने अगदी हलका दाब द्यायचा. आत द्रव असेल तर त्यातले कण घुसळल्यासारखे हलतात. सुश्रुताच्या काळी बोटांना जे जाणवायचं तेच आता डोळ्यांना दिसतं.

चिरा देण्याआधी आणखी एक काम राहतं. यंत्रावर रंगीत डॉप्लर लावून आत रक्तप्रवाह आहे का ते पाहायचं. रक्तवाहिनी किंवा सुजलेली लसिकागाठ गळू समजून कापली जाऊ नये, म्हणून ही काळजी.

आपल्या रुग्णाच्या उजव्या बाजूला २ सेंटिमीटर खोलीवर एक पोकळी सापडली असं धरू. लांबी ४, रुंदी ३, उंची २.५ सेंटिमीटर. अशा अंडाकृती पोकळीचं घनफळ काढायला तिन्ही मापांचा गुणाकार ०.५२ ने गुणतात. म्हणजे साधारण १५.६ मिलिलिटर, चहाचे तीन चमचे पू. वरची त्वचा जवळपास निरोगी दिसत असताना एवढा पू आत होता. आता चिरा कुठे आणि किती खोल द्यायचा, तो तातडीच्या विभागातच देता येईल की भूल देऊन शस्त्रक्रियागृहात, हे शल्यविशारद आकडे पाहून ठरवू शकतात.

७. हात खरा की यंत्र?

२००५ साली अमेरिकेत १०७ रुग्णांच्या त्वचेखालच्या सुजांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पू असलेल्या रुग्णांपैकी ८६ टक्क्यांमध्ये तो हाताच्या तपासणीने ओळखता आला, सोनोग्राफीने ९८ टक्क्यांमध्ये. म्हणजे खरोखर पू असलेले १०० जण आले, तर नुसत्या हाताने १४ निसटतील, सोनोग्राफीने २. आता पू नसलेले १०० जण घ्या. हाताच्या तपासणीने त्यांतल्या ३० जणांत गळू असल्याचं वाटलं असतं, सोनोग्राफीने १२ जणांत.

२००६ साली उत्तर कॅरोलिनातल्या शार्लट शहरात विवेक टायल आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या बाजूने पाहिलं. सेल्युलायटिस झालेल्या १२६ रुग्णांत डॉक्टरांनी आधी आपलं मत नोंदवलं आणि मग सोनोग्राफी केली. ८२ जणांना चिऱ्याची गरज नाही असं डॉक्टरांना वाटलं होतं. सोनोग्राफीनंतर त्यांतल्या ३९ जणांचे उपचार बदलले आणि ३३ जणांचा पू काढावा लागला. ४४ जणांना चिरा लागेल असं वाटलं होतं. त्यांतल्या १६ जणांची त्यातून सुटका झाली आणि आणखी १६ जणांना पुढच्या तपासण्या कराव्या लागल्या. एकंदर ७१ जणांचे, म्हणजे ५६ टक्के रुग्णांचे उपचार बदलले. पिकलेलं सोडणं आणि कच्चं कापणं, सुश्रुताने सांगितलेल्या दोन्ही चुका या एका अभ्यासात मोजल्या गेल्या.

हे अभ्यास मुख्यतः शरीराच्या इतर भागांवरचे आहेत. गुदद्वाराजवळच्या गळवांसाठी तातडीच्या विभागातली सोनोग्राफी २००४ पासून वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागली. या जागेवरचा पुरावा त्या मानाने थोडा आहे, पण दिशा तीच आहे.

क्ष-किरणतज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांच्या हाती हे यंत्र द्यावं का, ही शंका भारतातही घेतली गेली. तातडीच्या वैद्यकाला स्वतंत्र शाखा म्हणून आपल्याकडे २००९ साली मान्यता मिळाली. आर. के. पुरमजवळ, रिंग रोडवर एम्सचं जयप्रकाश नारायण ट्रॉमा सेंटर आहे. तिथे डॉ. संजीव भोई आणि सहकाऱ्यांनी अपघातात पोटाला मार लागलेल्या रुग्णांची सोनोग्राफी तातडीच्या डॉक्टरांकडून करून घेतली आणि क्ष-किरणतज्ज्ञांच्या निष्कर्षांशी ताडून पाहिली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन्ही निष्कर्ष जवळपास सारखे निघाले. नेमका प्रश्न आणि नीट प्रशिक्षण असेल, तर हे काम खाटेशेजारी करता येतं.

८. यंत्र कुठे कमी पडतं?

हा भाग रुग्णांनीही लक्षपूर्वक वाचावा. पडदा स्वच्छ दिसला म्हणजे पू नाही, असं धरून चालत नाही.

दोन स्नायूंच्या मधे अडकलेला छोटा पू आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूवर बसलेला पू बाहेरून ठेवलेल्या प्रोबला सहज सापडत नाही. त्वचेवर काहीच नसताना आत खोल असह्य ठणका आणि ताप असेल, तर सोनोग्राफी निर्दोष आली तरी शोध चालू ठेवावा लागतो. पुढची पायरी सीटी स्कॅन, एमआरआय किंवा भूल देऊन शल्यविशारदांनी प्रत्यक्ष तपासणं. सीटीही अचूक नाही. गळू असलेल्या ११३ रुग्णांचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात सीटीला ७७ टक्के गळवं दिसली, सुमारे २६ रुग्णांची निसटली. प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांत निसटण्याचं प्रमाण आणखी जास्त होतं. केमोथेरपी घेणाऱ्यांत तर पांढऱ्या पेशीच इतक्या कमी असतात की नीटसा पू बनतच नाही, फक्त वेदना आणि ताप असतो.

सगळ्यांत मोठा धोका फोर्नियर गँग्रीनचा. फ्रेंच डॉक्टर जाँ आल्फ्रेद फोर्निये यांनी १८८३ साली वर्णन केलेल्या या संसर्गात गुदद्वार आणि जननेंद्रियाभोवतीचं मांस तासातासाने मरत जातं. मधुमेह्यांना हा धोका जास्त असतो. भारतात मधुमेही किती आहेत? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पाहणीनुसार १० कोटींहून अधिक. या संसर्गात त्वचेखाली वायू साठू शकतो. सोनोग्राफीत तो उजळ ठिपके आणि त्यांच्या मागे मळकट सावली असा दिसतो. बोटाने दाबल्यावर चरचर जाणवणं, त्वचा काळी-जांभळी पडणं, वरून दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त दुखणं, रुग्णाला गुंगी येणं या त्याच्या खुणा. अशा वेळी तपासण्यांत वेळ घालवत नाहीत, रुग्णाला थेट शस्त्रक्रियेला नेतात.

९. चिरा, आणि त्यानंतर

वरवरचं छोटं गळू जागा बधिर करून उघडता येतं. खोल, मोठं किंवा मधुमेही रुग्णाचं गळू भूल देऊन उघडणं बरं. चिरा गुदद्वाराच्या शक्य तितका जवळ देतात. त्यामागे दूरदृष्टी आहे. गळू उघडल्यावर साधारण तिघांपैकी एकाला, काही अभ्यासांनुसार दोघांपैकी एकाला, पुढे भगंदर होतं. आतली ग्रंथी आणि बाहेरची त्वचा यांना जोडणारी पुवाची नळी कायम राहते, आणि चिरा जवळ असेल तर ती नळी आखूड राहते.

पू निघाल्यावर दुखणं झपाट्याने कमी होतं. आजूबाजूला सूज पसरलेली नसेल आणि रुग्ण एरवी निरोगी असेल, तर बहुतेकांना प्रतिजैविकांची गरज पडत नाही. मधुमेह्यांना, ताप असलेल्यांना, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना ती देतात. जखमेत रोज गॉजची पट्टी कोंबण्याच्या जुन्या पद्धतीलाही आता आव्हान मिळालं आहे. ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांत झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पट्टी भरलेल्या रुग्णांना जास्त दुखलं, आणि गळू परत होण्याचं किंवा भगंदराचं प्रमाण काही त्यामुळे कमी झालं नाही.

भगंदर झालंच, तर नळीचा नकाशा काढायला एमआरआय उपयोगी पडतो. उपचारांत एक धागा भारतातला आहे. आघाड्याचा क्षार, थोराचा चीक आणि हळद यांची पुटं दिलेलं क्षारसूत्र नळीतून ओवतात आणि ठरावीक दिवसांनी बदलतात. बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी १९६० च्या दशकात या उपचाराला नव्याने उभारी दिली. आयसीएमआरने शस्त्रक्रियेशी तुलना करणारी चाचणी अनेक केंद्रांवर घेतली, तिचे निष्कर्ष १९९१ साली आले. क्षारसूत्राने भरून यायला सुमारे ८ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने ४. वर्षभरात भगंदर परत होण्याचं प्रमाण मात्र ४ टक्के विरुद्ध ११ टक्के असं होतं. हा उपाय भगंदराचा आहे. ठणकणाऱ्या ताज्या गळवाला आधी चिराच लागतो.

१०. हे यंत्र दवाखान्यात का नेत नाहीत?

आज खिशात मावणारे प्रोब निघाले आहेत, मोबाइलला जोडले की चित्र दिसतं. मग ते आर. के. पुरमच्या दवाखान्यात किंवा रुग्णाच्या घरी का येत नाहीत? उत्तर कायद्यात आहे, आणि त्या कायद्याला सबळ कारण आहे.

याच यंत्राने गर्भाचं लिंग कळतं. त्याच्या गैरवापराविरुद्ध कायदा करणारं पहिलं राज्य महाराष्ट्र, साल १९८८. केंद्राचा कायदा १९९४ चा, तो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला आणि २००३ साली आणखी कडक झाला. तरीही २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे दिल्लीत ८७१ मुली होत्या, महाराष्ट्रात ८९४. महाराष्ट्रात २००१ साली हाच आकडा ९१३ होता, म्हणजे दहा वर्षांत परिस्थिती बिघडली होती. कोल्हापूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांवर नजर ठेवणारं 'सायलेंट ऑब्झर्वर' हे उपकरण बसवून घेतलं, ते याच काळजीपोटी.

या कायद्यानुसार प्रत्येक यंत्राची आणि जागेची नोंदणी लागते. ते गळवासाठी वापरायचं असलं तरी यातून सूट नाही. २०१२ च्या नियमाने हलवता येणाऱ्या यंत्रांना दोनच ठिकाणी मुभा दिली. नोंदणी झालेल्या जागेत तिथल्या दाखल रुग्णांसाठी, आणि इतर वैद्यकीय सेवाही देणाऱ्या फिरत्या पथकात. म्हणून खाटेशेजारची सोनोग्राफी हवी असेल, तर रुग्णालाच त्या खाटेपर्यंत जावं लागतं.

११. आर. के. पुरमहून निघताना

जवळच्या भिकाजी कामा प्लेसवरून रिंग रोडने पूर्वेकडे काही किलोमीटर गेलं की दोन मोठी रुग्णालयं समोरासमोर लागतात. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली अमेरिकी सैन्यासाठी उभं राहिलेलं सफदरजंग, आणि १९५६ साली स्थापन झालेलं एम्स. दोन्हीकडे तातडीचा विभाग चोवीस तास चालू असतो. सीजीएचएसच्या लाभार्थ्यांना तातडीच्या प्रसंगी योजनेतल्या खासगी रुग्णालयातही दवाखान्याच्या चिठ्ठीविना थेट जाता येतं. रुग्णवाहिकेसाठी दिल्लीत १०२ किंवा ११२.

ताप, थंडी, लघवी अडणं, झपाट्याने पसरणारी लाली, मधुमेह किंवा चालू असलेली केमोथेरपी, यांतलं काहीही असेल तर सकाळची वाट पाहू नये. गरम पाण्यात बसल्याने थोडं बरं वाटतं, पण पू जात नाही. गळू घरी पिळू नये, सुईने फोडू नये. भूल द्यावी लागण्याची शक्यता असल्याने निघण्याआधी पोटभर खाऊ नये. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांची यादी सोबत ठेवावी.

डॉक्टरांना आडवळणाने 'खाली त्रास होतोय' सांगण्यापेक्षा थेट सांगावं: दुखणं कधीपासून, सतत ठणकतं की शौचाच्या वेळीच, ताप आहे का, याच जागी पूर्वी गळू झालं होतं का. सोनोग्राफी झाल्यावर आपणही विचारावं: पू दिसला का, किती खोल आहे, आणि दिसला नसेल तर पुढची तपासणी कोणती? चिरा दिल्यानंतर घरी सोडताना शल्यविशारदांच्या बाह्यरुग्ण विभागाची तारीख घ्यावी. दोन महिन्यांनंतरही जखमेतून पाणी किंवा पू येत राहिला, तर भगंदराची तपासणी करून घ्यावी.